मास्तरणीने न लिहिलेली ओळ

आमच्या रस्त्यावर सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. शाळेत तिने एक दिवसही शिकवलं नव्हतं. ती व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या दुकानात कामाला होती, आणि दुकानात आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची परीक्षा घेऊन त्याला गुण द्यायची, म्हणून मास्तरीण. दुकान तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. ती त्यांना भाऊजी म्हणायची, मग हळूहळू अख्खा रस्ताच त्यांना भाऊजी म्हणायला लागला. शेजारच्या गाळ्यात माझं शिवणाचं दुकान. मधे प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. तिकडे कोणी शिंकलं तरी इकडे कळायचं. मी हे जे सांगतेय त्यातलं अर्धं त्या भिंतीवरून ऐकलेलं आहे, आणि उरलेलं तिने स्वतः मला सांगितलेलं.

नवा कॅमेरा आला की ती आधी माझ्याकडे यायची.

"मशीन चालव गं जरा. आणि चालवता चालवता माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. सासूला शिव्या घाल."

मी मशीन चालवत सासूचं कौतुक करायची आणि ती दाराशी उभी राहून शूटिंग करायची. नंतर कानाला हेडफोन लावून ऐकायची, की मशीनच्या खडखडाटात माझा शब्द कळतोय की नाही. मग लाल कापडाचा तागा उलगडायला लावायची. काही कॅमेऱ्यांत लाल रंग कडेने ओघळल्यासारखा दिसायचा, ते तिला बघायचं असायचं. मग आमच्या इमारतीचा अंधारा जिना, एका पिवळ्या दिव्याचा. मग रस्त्यावरून चालत चालत घेतलेलं शूटिंग. प्रत्येक कॅमेऱ्याला हेच चार पेपर. सगळ्यांना सारखा पेपर दिला तरच गुणांना अर्थ, असं तिचं म्हणणं. माझी सासू त्या दुकानात किती कॅमेऱ्यांत भरून ठेवली गेली याची गणती नाही.

तेव्हा बाजारात मोठा गोंधळ होता. मोठ्या कॅसेटचे कॅमेरे मागे पडत चालले होते. काडेपेटीहून जराशी मोठी मिनी कॅसेट आली होती, तासाभराची. तळहातावर मावेल एवढ्या छोट्या डिस्कवर शूटिंग करणारे कॅमेरे आले होते, ते अर्ध्या तासाचे. पोटात हार्ड डिस्क असलेले होते, त्यांत तासन्‌तास मावायचं. आणि नखाएवढ्या कार्डाचे नुकते कुठे येत होते. गिऱ्हाईक काचेच्या कपाटासमोर उभं राहायचं आणि गोंधळून जायचं. भाऊजी आधी दिसणारा कॅमेरा विकायचे. मास्तरीण विचारायची, "कशासाठी हवाय? आणि किती वर्षं ठेवायचंय?"

यातूनच तिचा तक्ता झाला. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला, दुकानात शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीला. उभे रकाने पाच: किती वेळ मावतं, चित्र, आवाज, दुसरीकडे कुठे बघता येईल, आणि कोणी घ्यावा. त्या शेवटच्या रकान्यात ती हातचं राखून लिहीत नसे. मिनी कॅसेटपुढे लिहिलं होतं, "पुन्हा न येणाऱ्या प्रसंगासाठी हीच. कॉम्प्युटरवर उतरवायला तासाला तास जातो, कंटाळा करू नये." हार्ड डिस्कपुढे, "फिरायला जाणाऱ्यांनी घ्यावा. पण पडला तर सगळंच गेलं, म्हणून दर आठवड्याला दुसरीकडे उतरवून ठेवावं." आणि छोट्या डिस्कपुढे, "गंमत म्हणून ठीक. शूटिंग संपल्यावर डिस्क कॅमेऱ्यातच 'बंद' करावी लागते. न केल्यास दुसऱ्या यंत्राला ती कोरी दिसते. महत्त्वाच्या प्रसंगासाठी घेऊ नये."

अक्षर असं, की लोक मजकुराआधी अक्षरच बघत. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोघी बहिणींना त्यांनी लहानपणी पाटीवर एकेक अक्षर घोटून घेऊन शिकवलं होतं. पाकळ्यांचा ल, देठाचा श, सगळं नीट. दोघींची अक्षरं शेजारी ठेवली तर सख्खी आईसुद्धा फसली असती. ताई, म्हणजे भाऊजींची बायको, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हमीपत्रं भरायची. गिऱ्हाइकाला वाटायचं दोन्ही एकीनेच लिहिलंय.

मास्तरणीने लग्न केलं नव्हतं. बारा वर्षं ती त्या दुकानात होती. भाऊजींनी तिला कधी नोकर म्हणून वागवलं नाही, हेही खरं आहे. जेवणाचा डबा तिघांचा एकच यायचा. भाचीला शाळेतून आणायचं, तिचा अभ्यास घ्यायचा, हेही मास्तरणीकडेच. भाऊजी लोकांना सांगायचे, "दुकान माझं, पण शब्द आमच्या मेहुणीचा." ती हे ऐकून नुसती हसायची. आवडायचं तिला ते.

मग वडील घरातच घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चार महिने उठणं नाही. मास्तरीण दुकान सोडून वडिलांच्या घरी राहायला गेली. ताई आठवड्यातून एकदा फळं घेऊन यायची, तासभर बसायची. दुकान कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "तू बाबांकडे बघ. दुकानाची काळजी आमच्यावर सोड."

चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा भिंतीवर तक्ता नव्हता. भिंतीला नवा रंग दिला होता. भाऊजी म्हणाले, पुठ्ठा ओलीने वाकला होता, म्हणून काढला. आणि छापूनच घेतलाय की आता, त्याची पत्रकं वाटतो. पत्रकं संपली होती, नवीन यायची होती. छोट्या डिस्कच्या कॅमेऱ्यांची दोन कपाटं भरली होती ती रिकामी झालेली तिने पाहिली. मला म्हणालीसुद्धा, "लोकांना सोपं तेच आवडतं बघ. आपण कितीही लिहा."

ती येऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, मी एका ब्लाउजच्या बाह्या लावत बसले होते. पलीकडे एक जाड, दमदार आवाज आला.

"त्या मास्तरीणबाई कुठे भेटतील?"

"मीच. बोला ना काका."

तो माणूस बस चालवायचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. नंतर आमची चांगली ओळख झाली. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायला लागलो. त्या दिवशी मात्र ते बसायलाही तयार नव्हते.

"माझ्या बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "स्वरयंत्र काढलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाज कायमचा जाणार. म्हणून आधीच्या आठवड्यात मी हा कॅमेरा नेला. तिला म्हटलं, बोल, जे बोलायचंय ते बोलून ठेव. तीन डिस्का भरल्या. आता घरच्या प्लेअरवर लावतो तर कोऱ्या. तिन्ही कोऱ्या."

"कॅमेऱ्यात दिसतंय का?"

"तो दवाखान्यात टेबलावरून पडला. झाकणच लागत नाही."

"काका, डिस्क बंद केली होतीत का? काढायच्या आधी?"

"ते काय असतं?"

मी मशीन थांबवलं होतं. मास्तरणीचा आवाज जरा चढला. "अहो, मी तर स्पष्ट लिहिलंय. महत्त्वाच्या प्रसंगासाठी हा घेऊ नका म्हणून."

 ड्रायव्हरकाकांनी खिशातून कागदाची घडी काढून काउंटरवर ठेवली. पत्रक होतं. तिचाच तक्ता, पहिल्या नजरेला जसाच्या तसा, तिच्याच अक्षरात छापलेला. खाली तिची सही, आणि सहीवर भाऊजींनी घातलेली ओळ, "स्वतः तपासून पाहिलेलं". छोट्या डिस्कपुढच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, "घरच्या सगळ्या महत्त्वाच्या प्रसंगांसाठी उत्तम. शूटिंग करा, डिस्क काढा, लगेच प्लेअरवर बघा."

"हे वाचून घेतला मी," ड्रायव्हरकाका म्हणाले. "तीस वर्षं बस चालवली. पाटीवर जे लिहिलंय तिथेच बस जाते, एवढंच मला ठाऊक. तुम्ही लिहिलंत, मी विश्वास ठेवला."

 पलीकडे कपाट उघडल्याचं ऐकू आलं. तिने त्याच कंपनीचा, तसाच कॅमेरा बाहेर काढला, वीज जोडली आणि काकांच्या तिन्हीतली हाताला आलेली दुसऱ्या नंबरची डिस्क आत घातली. मी न राहवून दारात जाऊन उभी राहिले. छोट्या पडद्यावर एक बाई दिसली, खुर्चीत अवघडून बसलेली. आणि आवाज आला, "अहो, बटण दाबलंय का? मागच्या वेळेसारखं नको व्हायला. आणि हलवू नका, मी मेली तर नाहीये अजून."

ड्रायव्हरकाकांनी काउंटरला धरलं.

तिने ती डिस्क बंद केली. मग तिसरी. ती दोन्ही वेळा कॅमेऱ्यावर हात ठेवून उभी होती, जणू कोणी मधेच वायर ओढणार होतं. मग तिने पहिली घातली. पडद्यावर काहीच नाही. पुन्हा घातली. काही नाही.

"काका, ही कोणाच्या हातात दिली होतीत?"

"दहा-बारा दिवसांपूर्वी आलो होतो तेव्हा तुमच्या मालकांनी त्या दुसऱ्या मशिनमध्ये घालून दिली. काहीतरी विचारलं मशिनने, त्यांनी 'हो' दाबलं. म्हणाले, आता घरी लावून बघा."

दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याने विचारलं होतं, डिस्क पुसून नवी करू का? आणि भाऊजी हो म्हणाले होते. गिऱ्हाईक दारातून लवकर जावं म्हणून.

"त्यात काय होतं, काका?"

"नातीशी बोलली होती ती त्यात. नात दीड वर्षाची आहे. मोठी झाल्यावर ऐकेल म्हणून."

ती डिस्क मास्तरणीने नंतर पुसलेलं परत मिळवणाऱ्या एका माणसाकडेही पाठवली. त्याने दोन आठवडे ठेवून घेतली आणि जशीच्या तशी परत पाठवली.

ड्रायव्हरकाका गेल्यावर ती माझ्याकडे आली. पत्रक माझ्या कापायच्या टेबलावर पसरलं. मला वाटलं रडेल. ती खडूने एका अक्षराभोवती गोल करत होती.

"हा ळ बघ. 'सगळ्या'मधला. माझ्या ळची दोन्ही पोटं उघडी असतात. बाबा लहानपणी त्यावरून ओरडायचे मला. हा घट्ट बांधलेला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊजींना असं लिहिता येत नाही. हे ताईने लिहिलंय."

मी समजावायला गेले, की भाऊजींनी काही कारण सांगून लिहून घेतलं असेल. ती म्हणाली, "ती दर आठवड्याला माझ्यासमोर येऊन बसत होती. तासभर. बाबांच्या पायाला माझ्याबरोबर तेल चोळत होती."

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकं गेल्यावर तिने विचारलंच. मी दुकान बंद केलं होतं, पण घरी गेले नाही. खोटं कशाला सांगू, कान देऊन बसले.

भाऊजी आधी हसले. "अगं, एक ओळ तर बदलली. माल पडून होता. सगळे विकतात, आपण काय वेगळं केलं?"

"सगळे माझी सही घालून विकत नाहीत."

"सही तुझी, पण दुकान कोणाचं? बारा वर्षं तुझा शब्द चालतो तो माझ्या दुकानात उभी राहून चालतो ना?"

"त्या बाईचा आवाज गेला, भाऊजी. नातीसाठी बोललेला. तुम्ही पुसलात."

"मला काय माहीत त्यात काय होतं! मशीन विचारतं, माणूस दाबतो. आणि तो माणूस शिकलेला नाही का, पुस्तिका वाचायची ना."

मग ती ताईकडे वळली असावी, कारण आवाज एकदम खाली आला. "ताई, तू लिहिलंस?"

हमीपत्रांचा गठ्ठा आपटून सरळ केल्याचा आवाज आला.

"मला एकदा फोन करून सांगायचं होतंस. मी नाही म्हणाले असते, एवढंच ना? मग माझी सही काढून टाकायची. मग काय हवं ते लिहायचं."

ताई जे बोलली ते मी आजवर विसरले नाही. ती म्हणाली, "तुझी सही काढली असती तर कोणी घेतला असता का?"

मास्तरीण दुसऱ्या दिवशीपासून दुकानात गेली नाही. फक्त दोन गोष्टी घेऊन आली. एक, छोट्या डिस्कचा तो कॅमेरा, जो भाऊजींनी मुकाट्याने देऊन टाकला. आणि दुसरी, ज्यांनी तो नेला होता त्यांच्या पत्त्यांची यादी. एक्केचाळीस घरं. ही यादी तिला ताईनेच काढून दिली, न बोलता. त्याचा अर्थ काय लावायचा ते तिलाही कळलं नाही.

ती घरोघर निघाली. मी जमेल तेव्हा सोबत जायची. दार वाजवायचं, सांगायचं, "तुमच्याकडच्या डिस्क मला दाखवा, मी त्या बंद करून देते, म्हणजे कुठेही दिसतील." पुष्कळांना आनंदच झाला. एका घरी चहा झाला, एका घरी त्यांच्या मांजरीचं अर्ध्या तासाचं शूटिंग बघावं लागलं. पण काही घरी उशीर झाला होता. डिस्क कोरी दिसली म्हणून लोकांनी फेकून दिल्या होत्या. एका बाईने दुसऱ्यांदा तीच वापरली होती, आधीच्या शूटिंगमध्ये तिच्या मुलीचं पहिलं पाऊल होतं, ते पुसलं गेलं.

आठव्या की नवव्या घरी एक गृहस्थ दार अर्धंच उघडून म्हणाले, "तुमच्या दुकानातून फोन आला होता. तुमच्या तपासणीत चूक झाली म्हणाले. वडील आजारी होते, तुमचं लक्ष नव्हतं, सांभाळून घ्या म्हणाले. ठीक आहे, माणूस चुकतो. पण मग छापायचं कशाला?"

मी म्हणाले, "अहो, यांनी नाही..." तिने माझा दंड धरला. इतका जोरात, की वळ उठला.

"चूक झाली," ती म्हणाली. "डिस्क आणता का?"

खाली उतरल्यावर मी भडकले. "तू कॅमेऱ्यांचे गुण लिहायचीस ती वही आहे ना? त्यात सगळं लिहिलेलं आहे तारीखवार. लाव ती माझ्या दुकानाच्या काचेवर. बघू दे सगळ्यांना."

"मग विचारतील, तक्त्यात हे वेगळं कोणी लिहिलं. अक्षर कोणाचं, ते विचारतील. भाऊजींना कोणी धरणार नाही, ताईला धरतील. आणि ते बाबांच्या कानावर जाईल."

"जाऊ दे की."

"त्यांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. एवढं एकच दिलं आम्हाला दोघींना."

 मला ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. भाऊजींनी तो फोन सगळ्या एक्केचाळीस घरी केला होता. तिला ते एकेका घराचा जिना चढताना कळत गेलं. प्रत्येक दारात कोणीतरी तिला माफ करत होतं. एकाने तर वडिलांची तब्येत विचारली. ती जिना उतरताना म्हणाली, "शिवी दिली असती तरी चाललं असतं."

सगळ्यात शेवटी आम्ही ड्रायव्हरकाकांच्या घरी गेलो. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. गळ्याशी पातळ रुमाल, त्याखालून श्वासाचा आवाज. हातात एक वही, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. मास्तरणीने दोन्ही डिस्का टीव्हीवर लावून दाखवल्या. काका बघत राहिले. काकू उठून आत गेल्या.

थोड्या वेळाने मास्तरीण आत गेली तर काकू भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वहीत लिहिलं, "मला ऐकवत नाही. त्यांना ऐकू दे." मग खाली लिहिलं, "पहिल्या डिस्कमध्ये काय बोलले ते मला आठवतंय. सगळं."

मास्तरीण म्हणाली, "लिहून द्याल? मी टाइप करून देईन."

काकूंनी मान हलवली. लिहिलं, "नातीला कागद नको. मी दिसले पाहिजे."

पुढच्या रविवारी मास्तरीण स्वतःचा मिनी कॅसेटचा कॅमेरा घेऊन गेली. तिपाईवर लावला. काकू खुर्चीत बसल्या, नवी साडी नेसून. काका कॅमेऱ्याबाहेर, जमिनीवर, त्यांच्या तोंडाकडे बघत. काकूंनी ओठ हलवायला सुरुवात केली आणि काका एकेक शब्द मोठ्याने बोलत गेले. छत्तीस वर्षांचा संसार, ओठ वाचायला त्यांना अडचण नव्हती. पण ते नेहमी अर्धा शब्द मागे राहायचे. काकू हसल्या की मग इकडून तो बसचालकाचा भरदार आवाज म्हणायचा, "तुझा आजोबा फार घोरतो, त्याला ऐकून घाबरू नकोस." एका ठिकाणी काका थांबले. काकूंनी ओठ पुन्हा हलवले. काका म्हणाले, "हे मी नाही म्हणणार." काकूंनी पायाने त्यांना ढोसलं. मग त्यांनी ते म्हटलं. ते काय होतं ते मास्तरणीने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या कॅसेटच्या तिने तीन प्रती केल्या. एक काकांकडे, एक त्यांच्या लेकीकडे, एक स्वतःकडे.

यानंतर तिला कॅमेऱ्याच्या दुसऱ्या दुकानात काम मिळेना. भाऊजींचे ते फोन बाजारात पोचले होते. वर्षभराने एका संस्थेत लागली. तिथे जुन्या ध्वनिफिती आणि कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतात. खिडकी नसलेली खोली, दोन यंत्रं, एक खुर्ची. तासाला तास. तिला ते जमतं. कोणी विचारलं, कुठला कॅमेरा घेऊ, तर ती सांगते, पण लिहून देत नाही. कितीही आग्रह करा.

भाऊजींचं दुकान पुढची पाच-सहा वर्षं छान चाललं. मग फोनमध्येच कॅमेरे आले आणि तिथे फोन विकायला लागले. शिक्षा वगैरे काही कोणाला झाली नाही.

गेल्या वर्षी भाची शिकायला परदेशी निघाली. तिने मावशीला स्वतः येऊन सांगितलं, "निरोपाचं जेवण आहे घरी. तू शूटिंग करायचंस. दुसऱ्या कोणाला मी सांगणार नाही." ताईशी आणि भाऊजींशी मास्तरणीचं बोलणं वडिलांच्या औषधांपुरतं उरलं होतं. पण भाचीला तिने मांडीवर बसवून बाराखडी शिकवली होती. ती गेली.

दोन कॅमेरे लावले, एक कार्डाचा, एक कॅसेटचा. हेडफोन घालून ती खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. लांबच्या माणसाचं बोलणंही त्या माइकमध्ये स्वच्छ यायचं. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले भाऊजी पाहुण्यांना सांगत होते ते तिच्या कानात येऊन पडलं.

"आमची मेहुणी. कॅमेऱ्यातलं हिच्याइतकं कोणाला कळत नाही. माझं दुकान तर हिच्या शब्दावर उभं राहिलं. एकदाच चुकली बिचारी, फार मोठी चूक होती, लोकांचं नुकसान झालं. पण घरचं माणूस, आम्ही सांभाळून घेतलं. कधी बोलून दाखवलं नाही."

भाऊजी मनापासून बोलत होते, असं ती मला म्हणाली. आवाजावरून कळतं. इतक्या वर्षांत त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. शेजारी ताई बसली होती. कॅमेऱ्यात तिचा चेहरा होता. ती समोरच्या ताटल्या एकात एक ठेवत होती.

मास्तरणीने शूटिंग पूर्ण केलं. आठवड्याने भाचीला सगळं पाठवलं, अख्खं, न कापता.

भाचीचा फोन आला. "मावशी, बाबा कुठल्या चुकीबद्दल बोलत होते?"

"आईला विचार."

"तू सांग ना."

"तिला ठाऊक आहे. तिला विचार."

त्यानंतर चार दिवसांनी ताईचा फोन आला. मी तेव्हा तिच्या त्या खोलीत बसले होते, तिच्या पडद्याचं माप घ्यायला गेले होते. खिडकी नसलेल्या खोलीला पडदा कशाला म्हणून आमची थट्टा चालली होती. फोन घेतल्यावर तिचा चेहरा उतरला. ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तिला काय सांगितलंस?"

"काही नाही. तुला विचार म्हणाले."

"ती रोज विचारतेय."

मास्तरणीने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"मी काय सांगू तिला?" ताई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तू सांगितलेलं बरं. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

मास्तरणीने डोळे मिटले. मला वाटलं आता बारा वर्षांचं आणि त्यानंतरचं सगळं बाहेर पडेल. मी उठून दाराकडे गेले, दोघी बहिणींच्या मधे कशाला थांबायचं म्हणून.

"नाही, ताई," ती म्हणाली. "या वेळी तू."

फोन ठेवला. यंत्रात कोणाच्या तरी आजोबांच्या भाषणाची कॅसेट फिरत होती. तिने हेडफोन कानावर चढवले, आणि किती मिनिटं उरलीत ते बघितलं.